तार गेली, नंबर राहिला

वारणानगर परिसरातल्या एखाद्या घरी फायबर येतं, तेव्हा दुपारच्या दोन-तीन तासांत बरंच काही उलटंपालटं होतं. खांबावरून आलेली तांब्याची जोडतार सुटते. तिच्या जागी एक बारीक केबल भिंतीतून आत येते आणि टीव्हीशेजारी हिरवे दिवे लुकलुकणारा डबा बसतो. ज्या यंत्राने इतकी वर्षं या घराला डायल टोन पुरवला, त्याच्याशी असलेला संबंध त्या दिवशी संपतो. आवाज जायचा तो विजेतून, आता प्रकाशातून जातो. फोनला वीज मिळायची एक्स्चेंजमधून, आता ती घरच्या प्लगमधून घ्यावी लागते.

संध्याकाळी तोच जुना फोन वाजतो. पुण्याच्या लेकीने नेहमीचाच नंबर लावलेला असतो. ०२३२८, आणि पुढे दोनने सुरू होणारे सहा आकडे. दुपारी इथे काय काय घडलं, याची तिला किंवा तिच्या मोबाइल कंपनीला काहीच कल्पना नसते.

घरच्यांना यात विशेष वाटत नाही. ‘नंबर तोच ठेवा’ असं अर्जात लिहून दिलं होतं, तसं झालं, एवढंच. पण क्षणभर थांबून विचारावं, की तो नंबर होता तरी कुठे? तारेत असता तर तारेबरोबर गेला असता. फोनच्या यंत्रात असता तर दुसरं यंत्र लावल्यावर बदलला असता. एक्स्चेंजच्या यंत्रात असता तर आज दुपारीच संपला असता. या प्रश्नाचं उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत तीनदा बदललं आहे.

आकडा फिरवला की यंत्र हलायचं

सुरुवातीला नंबर म्हणजे ऑपरेटरसमोरच्या फळीवरचं एक भोक. त्यात दोरीची पिन खोचली की दोन घरं जोडली जायची. लहान गावांत दोन किंवा तीन आकडी नंबर असत. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून वाट पाहायची. दुकानाच्या बिलावर नुसतं ‘फोन नं.’ आणि दोन आकडे छापलेले असत, कारण पलीकडे आकड्याचा अर्थ लावायला माणूस बसलेला होता.

माणसाला मधून काढण्याची कल्पना अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्या आल्मन स्ट्रोजर यांची. गिऱ्हाइकांचे फोन ऑपरेटर मुद्दाम प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्यांना संशय होता, असं सांगतात. संशय खरा असो-नसो, त्यातून निघालेलं यंत्र मात्र खरं होतं. १८९१ मध्ये स्ट्रोजरना त्याचं पेटंट मिळालं आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यात ला पोर्ट इथे असं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं.

पुढे तबकडीचे फोन आले तेव्हा या यंत्राची गंमत पुरती खुलली. तबकडीवर ४ फिरवला की परत येताना ती तारेतला प्रवाह चार वेळा तोडायची. शून्याला दहा वेळा. एक्स्चेंजमध्ये प्रत्येक झटक्यासरशी एक लोखंडी दांडी एकेक पायरी वर चढायची. शेवटच्या दोन आकड्यांची कामगिरी तर बघण्यासारखी होती. आधीच्या आकड्याने दांडी त्या मजल्यावर चढायची आणि शेवटच्या आकड्याने आडवी फिरून नेमक्या संपर्कबिंदूवर थांबायची. ते बिंदू होते दहा ओळींत दहा, म्हणजे शंभर. त्यातल्या एकाला तुमच्या घरची तार झाळलेली.

त्या काळात नंबर अक्षरशः जागा होती. ३७ म्हणजे तीन पायऱ्या वर आणि सात पायऱ्या आडवं. नंबर बदलायचा म्हणजे तार उचलून दुसऱ्या बिंदूला झाळायची. एका एक्स्चेंजच्या हद्दीतून दुसऱ्या हद्दीत घर गेलं, तर जुना नंबर सोबत नेण्याची भाषाच नव्हती. लोखंडाची दांडी गावाबाहेर चढणार कशी?

कित्तूरचं छोटं एक्स्चेंज

नंबर लोखंडातून सुटला तो संगणकामुळे. आपल्या भागाच्या दृष्टीने या कथेतलं महत्त्वाचं ठिकाण फार लांब नाही. ते आहे बेळगाव जिल्ह्यातलं कित्तूर. ऑगस्ट १९८४ मध्ये केंद्र सरकारने सी-डॉट ही दूरसंचार संशोधन संस्था स्थापन केली. सॅम पित्रोदा तिच्यामागचे मुख्य प्रेरक. परदेशी डिजिटल एक्स्चेंजना थंडगार, धूळमुक्त खोली लागायची. भारतातल्या खेड्यात तेव्हा तशी खोली असणं अवघडच. सी-डॉटने १२८ जोडण्यांचं लहान ग्रामीण एक्स्चेंज तयार केलं, जे एअर कंडिशनरशिवाय, उन्हाळ्यात आणि धुळीत चालेल. १९८६ मध्ये त्यातलं पहिलं कित्तूरला लागलं. पुढच्या वर्षांत अशी हजारो एक्स्चेंजेस देशभरच्या खेड्यांत बसली आणि खेड्यातला माणूस ऑपरेटरला न विचारता थेट बाहेर फोन लावू लागला.

या यंत्रात दांडी नव्हती, पायऱ्या नव्हत्या. आलेले आकडे संगणक वाचायचा आणि स्मृतीतल्या एका तक्त्यात शोधायचा. तक्त्यात एवढंच लिहिलेलं असे, की अमुक नंबर म्हणजे अमुक कार्डावरचं अमुक पोर्ट. पोर्टपासून बाहेरच्या केबलपर्यंत एक जम्पर तार. वळवाच्या पावसात वीज पडून कार्ड जळालं, तर लाइनमन जम्पर दुसऱ्या पोर्टवर टाकायचा आणि तक्त्यात एक नोंद बदलली जायची. यंत्रातली जागा बदलली, नंबर तोच राहिला. सकाळी मेलेली लाइन संध्याकाळी चालू झाली, एवढंच ग्राहकाला कळायचं.

म्हणजे फायबर यायच्या कितीतरी आधीच नंबर तारेतून बाहेर पडला होता. तो तक्त्यातली एक ओळ झाला होता.

आधी वायर्ड, मग अनवायर्ड

तार सोडून नोंद तेवढी ठेवायची, हा अनुभव वारणा खोऱ्याला दुसऱ्या एका कामातही आला आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी संस्थांच्या जाळ्यावर १९९८ मध्ये ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प आला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली मिळून सुमारे ७० गावं संगणकांनी जोडायची, असा बेत होता. निम्मा खर्च केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा, उरलेला वारणेच्या संस्थांचा. इंटरनेट हा शब्द शहरातही नवा होता, त्या काळात वारणेच्या काठावरच्या गावात संगणकापुढे उभं राहून शेतकरी कारखान्याला आपला किती ऊस गेला, किती पैसे जमा झाले हे विचारू लागला.

काही वर्षांनी संशोधकांनी पाहिलं तेव्हा त्या संगणकांचा मुख्य उपयोग याच साध्या चौकशीसाठी होत होता आणि त्यासाठी ती यंत्रं सांभाळणं जड जात होतं. मग मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या चमूने सात गावांत वेगळा प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाइल, आणि चौकशी एसएमएसने. प्रयोगाचं नाव ‘वारणा अनवायर्ड’. तार गेली, संगणक गेला, पण शेतकऱ्याच्या उसाची नोंद होती तशीच कारखान्याच्या हिशेबात राहिली. तिथवर पोहोचायची वाट तेवढी बदलली.

फोनच्या नंबराचंही तसंच झालं. फक्त तिथली वाट आता काचेतून जाते.

आवाजाचे तुकडे

काचेच्या या तंतूचा प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो. एका मिलिमीटरमध्ये असे शंभराहून अधिक गाभे शेजारी शेजारी मावतील. त्याभोवतीचं काचेचं आवरण धरून जाडी १२५ मायक्रॉन. काचेतून दूरवर संदेश पाठवता येईल, हे १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी मांडलं तेव्हाच्या काचेत प्रकाश काही मीटरमध्येच विझून जायचा. दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे, हा त्यांचा दावा पुढे खरा ठरला आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजच्या काचेत प्रकाशाची ताकद निम्मी व्हायला सुमारे पंधरा किलोमीटर लागतात.

या काचेतून माणसाचा आवाज जसाच्या तसा जात नाही. त्याचे आधी आकडे होतात. घरातला डबा दर सेकंदाला ८,००० वेळा आवाजाची पातळी मोजतो आणि प्रत्येक मोजमाप आठ बिटांत लिहितो. आठ हजारच का? टेलिफोनवरचं बोलणं नीट समजायला साधारण ३,४०० हर्ट्झपर्यंतचे स्वर पुरतात, आणि कुठलाही स्वर पुन्हा उभा करायचा तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावा लागतो. आवाज असा आकड्यांत मांडण्याची कल्पना अ‍ॅलेक रीव्ह्ज या ब्रिटिश अभियंत्याने १९३७ मध्येच काढली होती. ती वापरात आणायला लागणारी स्वस्त इलेक्ट्रॉनिक साधनं मात्र यायची होती.

सेकंदाला ८,००० मोजमापं, प्रत्येकी आठ बिट, म्हणजे ६४,००० बिट. दर २० मिलिसेकंदांची १६० मोजमापं एका पाकिटात भरली जातात आणि अशी ५० पाकिटं सेकंदाला निघतात. पाकिटांवरचे पत्ते धरूनही हा सगळा पसारा ५० एमबीपीएसच्या जोडणीचा जेमतेम पाचशेवा भाग खातो. पोरं शेजारच्या खोलीत सिनेमा पाहत असताना आजींचं बोलणं अडखळत नाही, याचं हे एक कारण. दुसरं असं, की नीट बसवलेल्या जोडणीत बोलण्याच्या पाकिटांना सिनेमाच्या पाकिटांच्या पुढे वाट दिलेली असते.

आता यातली सगळ्यात सुंदर गोष्ट. एक्स्चेंजमधून निघालेला एक तंतू वाटेत एका साध्या काचेच्या फाटणीत बत्तीस किंवा चौसष्ट घरांना वाटला जातो. या फाटणीला वीज लागत नाही. खाली येणारा प्रकाश सगळ्याच घरांत पोहोचतो. तो कुलूपबंद सांकेतिक रूपात असतो आणि प्रत्येक डबा फक्त आपल्या नावाचं उघडतो. वर जाताना मात्र पंचाईत येते. सगळे एकदम बोलले तर प्रकाशाचे झोत एकमेकांत मिसळतील. म्हणून एक्स्चेंजमधलं यंत्र प्रत्येक घराचं अंतर आधी मोजतं. काचेत प्रकाश एक किलोमीटर जायला सुमारे पाच मायक्रोसेकंद घेतो. त्या हिशेबाने जवळच्या घराला थोडं थांबायला सांगितलं जातं, लांबच्याला लवकर सुरू करायला, आणि एकेका घराचा झोत आपापल्या वेळेच्या फटीत बरोबर येऊन बसतो.

या व्यवस्थेचा मूळ ठोका आहे १२५ मायक्रोसेकंदांचा. दर १२५ मायक्रोसेकंदांनी नवी चौकट सुरू होते. एका सेकंदात अशा चौकटी किती? बरोबर ८,०००. आवाज मोजण्याचा जो वेग जुन्या डिजिटल टेलिफोनने ठरवला, तोच पुढे दूरसंचाराच्या सगळ्या यंत्रणांनी उचलला आणि फायबरनेही. आपण फायबरवर सिनेमा बघतो, क्रिकेट बघतो, परीक्षेचे फॉर्म भरतो, तेव्हाही तो सगळा प्रकाश माणसाच्या बोलण्यासाठी ठरवलेल्या तालावर धावत असतो.

डायल टोन आता घरातच

तांब्याच्या फोनला एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून ४८ व्होल्टचा पुरवठा असायचा. रिसीव्हर उचलला की तारेतून प्रवाह वाहू लागायचा आणि त्यावरूनच एक्स्चेंजला कळायचं, की या घराला बोलायचंय. काचेतून वीज वाहत नाही. मग जुन्या फोनला कसं वाटतं, की तो अजून त्याच जगात आहे?

फायबरचा डबा त्याच्यासाठी ते जग घरातच उभं करतो. फोनच्या पोर्टवर तो स्वतः तसाच विद्युतदाब देतो. रिसीव्हर उचलल्याचं तोच ओळखतो. कानात येणारा डायल टोनही तोच तयार करतो. फोन आला की घंटी वाजवायला लागणारा मोठा दाबही तोच देतो आणि आपल्या ओळखीचा तालही जपतो. ०.४ सेकंद वाजणं, ०.२ सेकंद थांबणं, पुन्हा ०.४ सेकंद वाजणं, मग दोन सेकंद शांतता. ट्रिंग ट्रिंग. एके काळी एक्स्चेंजच्या इमारतीत चालणारं हे काम आता टेबलावरच्या डब्यात होतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा बटणांचा फोन म्हणूनच बिनतक्रार चालतो. तबकडीच्या फोनचे झटके मात्र सगळ्याच डब्यांना समजत नाहीत.

हजेरी लावण्याचं काम त्याहून महत्त्वाचं. डबा सुरू झाला की तो बीएसएनएल या सरकारी कंपनीच्या मध्यवर्ती सर्व्हरला निरोप पाठवतो, की या नंबराचा मी, आत्ता या पत्त्यावर आहे. सर्व्हर लगेच विश्वास ठेवत नाही. तो एक कोडं घालतो. डबा आपल्यात साठवलेल्या पासवर्डच्या मदतीने ते सोडवतो. पासवर्ड मात्र तारेवरून एकदाही जात नाही. उत्तर जुळलं की सर्व्हर नोंद करतो, पण ठरावीक मुदतीपुरतीच. मुदत संपायच्या आत डब्याला पुन्हा हजेरी द्यावी लागते. दिवसरात्र, कोणी फोन लावो न लावो, हे चालूच असतं.

नंबर आता इथे असतो. सर्व्हरमध्ये देशाच्या ९१ या संकेतापासून लिहिलेला पूर्ण आकडा आणि त्याच्यासमोर ‘सध्या कुठे’ असा एक रकाना. पुण्याहून फोन येतो तेव्हा बाहेरची कंपनी पहिले काही आकडे पाहून तो बीएसएनएलच्या हवाली करते. पुढे बीएसएनएलच्या तक्त्यात पूर्वी जिथे गावच्या एक्स्चेंजकडे बोट होतं, तिथे आता या सर्व्हरकडे बोट असतं. तो सर्व्हर दुसऱ्या शहरात, शेकडो किलोमीटर लांबही असू शकतो. समोरच्या घरी लावलेला फोन तिथवर जाऊन परत येईल आणि तरी आपल्याला कळणार नाही. प्रकाशाला काचेतून हजार किलोमीटर जायला पाच मिलिसेकंद लागतात. एक पाकीट भरायलाच त्याच्या चौपट वेळ जातो.

०२३२८ कुणी बांधून ठेवलं?

मग हा नंबर घेऊन थेट नाशिकला राहायला का जाता येत नाही? किंवा दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलं, तर त्यावर का चालत नाही? यंत्राची आडकाठी आता उरलेली नाही. आडकाठी आहे ती हिशेबाची.

एसटीडीचा काळ आठवा. लखनौ ते कानपूर ही देशातली पहिली थेट जोडणी १९६० मध्ये सुरू झाली. पुढे देशाचे साधारण तालुक्याएवढे सुमारे २,६०० विभाग पाडले गेले आणि प्रत्येकाला कोड मिळाला. विभाग कशासाठी? दोन ठिकाणांमधलं अंतर मोजून दर लावण्यासाठी. वारणानगर ज्यात येतं त्या पन्हाळा तालुक्याचा ०२३२८, कोल्हापूरचा ०२३१, इचलकरंजीकडचा ०२३०. वारणा नदी ओलांडली की सांगली जिल्हा, तिथे इस्लामपूरचा ०२३४२. नदीचं पात्र पोहून जाता येईल एवढं, पण पलीकडचा फोन परगावचा.

एक जमवाजमव लक्षात घेण्यासारखी आहे. सुरुवातीचा शून्य सोडला तर कोड आणि नंबर मिळून आकडे नेहमी दहाच भरतात. पन्हाळ्याच्या कोडचे चार अधिक नंबरचे सहा. कोल्हापूरचे तीन अधिक सात. मुंबई-पुण्याचे दोन अधिक आठ. शहर जितकं मोठं तितका कोड आखूड, म्हणजे आत जास्त घरं मावतात. नंबराच्या सुरुवातीचा २ हा सरकारी कंपनीची खूण. नव्या सहस्रकाच्या सुरुवातीला खासगी कंपन्या आल्या, तेव्हा जुन्या नंबरांच्या पुढे हा २ लावला गेला. दहा आकड्यांत गावही आलं आणि कंपनीही आली.

पण ज्या हिशेबासाठी हे कोड आले, तो हिशेब संपला. १ मार्च २००६ पासून बीएसएनएलच्या ‘वन इंडिया’ योजनेत देशात कुठेही एक रुपया मिनिट झाला. आता तर महिन्याच्या पैशांत हवं तितकं बोला. अंतर मोजायचं कारण उरलं नाही, अंतर मोजणारा कोड मात्र राहिला.

कंपनीची गाठही अशीच राहिली. मोबाइलचा नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर सुरू झाली. जुलै २०१५ पासून एका राज्याचा नंबर दुसऱ्या राज्यातही नेता येऊ लागला. लँडलाइनला ही सोय मिळाली नाही. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने घरच्या फोनलाही ती दिली. तिथे फोन जोडण्याआधी एका सामाईक तक्त्यात विचारलं जातं, की हा नंबर सध्या कोणाकडे आहे. आपल्याकडे मोबाइलसाठी असा तक्ता आहे, लँडलाइनसाठी नाही. म्हणून बीएसएनएलच्या तांब्यावरून बीएसएनएलच्याच फायबरवर जाताना नंबर टिकतो, दुसऱ्या कंपनीकडे जाताना नवा घ्यावा लागतो.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर हा फेरफाराचा मामला आहे. सातबाऱ्यावर जमीन जागेवरच राहते आणि नावं बदलतात. इथे नाव जागेवर राहतं आणि खालची जमीन बदलते. पण दोन्हीकडे नोंद ज्याच्या चावडीत, तोच ती फिरवू शकतो.

कोडची गाठ सैल करण्याचा विचार सुरू झाला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने शिफारस केली, की लँडलाइनचे नंबर तालुक्याच्या विभागाऐवजी अख्ख्या दूरसंचार परिमंडळाच्या पातळीवर धरावेत आणि लँडलाइनवरून लँडलाइनला लावतानाही शून्य, कोड आणि नंबर असं सगळं लावावं. गावातल्या गावात सहा आकड्यांत भागवायची सवय त्यात जाईल. लोकांचे सध्याचे नंबर मात्र तेच राहतील, असं ट्रायने म्हटलं आहे. लहान विभागांत अडकून पडलेले आकडे त्यामुळे मोकळे होतील, हा मुख्य हेतू. ब्रिटनने तर जुनं तांब्याचं टेलिफोन जाळं जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरवलं आहे. तिथेही लाखो घरं हाच प्रश्न विचारत आहेत, की आमचा नंबर राहील ना?

अर्ज करताना

नंबर नोंदीत राहतो हे एकदा कळलं, की काय जपायचं ते आपोआप कळतं. सगळ्यात आधी, जुनी लाइन स्वतःहून बंद करायचा अर्ज देऊ नका. ‘आधी जुनं बंद करू, मग नवं घेऊ’ हा क्रम इथे महागात पडतो. लाइन परत केली की नंबर कंपनीच्या साठ्यात जातो आणि काही काळाने दुसऱ्या घरी वाजू लागतो. अर्ज नव्या जोडणीचा करायचा नसून, आहे त्या नंबराचं तांब्यावरून फायबरवर रूपांतर करण्याचा करायचा. जुनी थकबाकी आधी मिटवा. फोन आजोबांच्या नावावर असेल आणि ते आता नसतील, तर नाव बदलून घ्यायचं काम रूपांतराच्या आधी करा. नोंदच ज्याच्या नावावर, त्याच्याच सहीला अर्थ. फायबर जोडायला आलेला माणूस बहुतेकदा स्थानिक केबलवाल्याचा असतो. त्याच्या अर्जावरही जुना नंबर लिहिलेला आहे का, ते पाहा.

जोडणी झाल्यावर त्याच्यासमोरच चार गोष्टी तपासा. मोबाइलवरून घरच्या नंबरला फोन लावून पाहा, कारण बाहेर जाणारा फोन चालतो आणि येणारा वाजत नाही, असं होऊ शकतं. एखाद्या मोबाइलवर घरून फोन लावा आणि तिथे जुनाच नंबर उमटतो का बघा. लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य हवा, हा नियम जानेवारी २०२१ पासून आहेच. दुसऱ्या कंपनीच्या लँडलाइनवरूनही एकदा फोन येऊ द्या. आणि डबा बंद करून पुन्हा सुरू करा. हजेरी पुन्हा लागली आणि डायल टोन आला, की काम पक्कं.

विजेचं भान मात्र नव्याने ठेवावं लागेल. पूर्वी लाइट गेली तरी फोन चालायचा, कारण त्याची वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून यायची. आता घरची लाइट गेली की डबा बंद, डबा बंद की हजेरी बंद, आणि काही वेळाने सर्व्हरच्या लेखी तुम्ही गैरहजर. घरी इन्व्हर्टर असेल तर डबा त्याला जोडा. नसेल तर राउटरसाठी मिळणारी लहान बॅटरीही बराच वेळ भागवते. घरात म्हातारी माणसं एकटी राहत असतील, तर ही बॅटरी इंटरनेटच्या वेगापेक्षा महत्त्वाची.

दुसऱ्या कंपनीकडेच जायचं ठरलं असेल, तर जुनी लाइन चालू ठेवून तिच्या नंबरावर काही महिने कॉल फॉरवर्डिंग लावून ठेवा. त्या काळात पतसंस्था, दूध संघ, डॉक्टर, नातेवाईक, बँक अशा सगळ्यांना नवा नंबर कळवत राहा. कॉल फॉरवर्डिंग म्हणजे तरी काय? सर्व्हरच्या ‘सध्या कुठे’ या रकान्यात तुमच्या मोबाइलचा आकडा. हा रकाना किती सहज बदलतो, त्यावरूनच कळतं, की नंबर कायमचा सोबत नेता येत नाही तो नियमामुळे, तंत्रामुळे नव्हे. मोबाइलच्या नंबराची गाठ २०११ मध्ये नियमानेच सोडवली. लँडलाइनची सोडवायलाही नियमच लागेल. यंत्र कधीचं तयार आहे.